आरपार भोकाचा हिशेब

हेक्स बार म्हणजे सहा अंगांची लांब पोलादी कांब. भोसरी-चाकणच्या टर्निंग शॉपमध्ये ती येते, करवतीखाली जाते आणि तिचे तुकडे पडतात. असा एक तुकडा हातात घेतला की शाळेच्या पुस्तकातली षटकोनी चिती हातात आली. वर एक षटकोन, खाली एक, भोवती सहा आयत: पृष्ठे ८. वरचे सहा कोपरे आणि खालचे सहा: शिरोबिंदू १२. वरच्या सहा कडा, खालच्या सहा, उभ्या सहा: कडा १८. पृष्ठे आणि शिरोबिंदू मिळून २०. कडांमध्ये २ मिळवले की तेही २०. ऑयलरचं सूत्र जुळलं.

मग तो तुकडा ड्रिलखाली जातो. ड्रिलचं टोक पलीकडे निघालं की त्याचा नट होतो आणि त्याच क्षणी तो पुस्तकातल्या सूत्राच्या हद्दीबाहेर पडतो. पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्यात एकही भोक नसलेला भरीव जॉब शोधायला वेळ लागेल. नट, वॉशर, बुश, फ्लँज, पंपाची बॉडी, इंजिनाचा ब्लॉक: सगळ्यांना आरपार भोकं आहेत. शाळेचं पुस्तक भरीव ठोकळ्यापाशी थांबतं, आणि इथल्या हातांचं काम त्याच्या पुढच्या पावलापासून सुरू होतं. त्या एका पावलाबद्दल मला लिहायचं आहे, कारण गणित खऱ्या अर्थानं रंगतं ते तिथंच.

वाकडमध्ये हा विषय दोन्ही बाजूंनी भेटतो. म्हातोबाचं हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. महामार्ग ओलांडला की हिंजवडीचं राजीव गांधी इन्फोटेक पार्क; उलट दिशेनं डांगे चौकातून पुढे गेलं की चिंचवड, भोसरी आणि मग चाकण. हिंजवडीत टाटा टेक्नॉलॉजीजचं मुख्यालय आहे, दासो सिस्टिम्सची प्रयोगशाळा आहे. यंत्रांचे भाग पडद्यावर उभे करण्याचं काम तिकडे चालतं, आणि भोसरी-चाकणला असेच भाग लोखंडात आणि अॅल्युमिनियममध्ये उतरतात. वाकडच्या एखाद्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये दोन्हीकडची माणसं रोज भेटतात. दोघांच्याही तोंडी फेस आणि एज हे शब्द सारखेच बसलेले. आणि त्यांची मुलं संध्याकाळी तक्ता भरत असतात: घन, इष्टिकाचिती, त्रिकोणी चिती, चौकोनी सूची, पृष्ठे किती, कडा किती, शिरोबिंदू किती.

हा तक्ता पाठ करावा लागत नाही, ही गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवी. चितीच्या तळाला जितक्या बाजू, त्याच्या तिप्पट कडा, दुप्पट शिरोबिंदू आणि बाजूंहून दोन जास्त पृष्ठे. म्हणून कुठल्याही चितीच्या कडांना तीननं भाग जातोच; कुणी २० कडांची चिती मोजून आणली तर ती परत मोजायला पाठवावी. सूचीचं गणित आणखी देखणं आहे. तिच्या कडा तळाच्या बाजूंच्या दुप्पट, तर पृष्ठे आणि शिरोबिंदू दोन्ही तळाच्या बाजूंपेक्षा एकानं जास्त. म्हणजे सूचीची पृष्ठे आणि शिरोबिंदू नेहमी समसमान.

मुलं चुकतात ती बहुतेक वेळा कडांत. वस्तू हातात फिरवताना कुठली कड मोजली आणि कुठली राहिली याचा पत्ता लागत नाही. त्यावर एक उपाय आहे आणि तो लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे संगणकापर्यंत तोच उपयोगी पडतो. प्रत्येक पृष्ठाच्या बाजू मोजा, सगळ्यांची बेरीज करा आणि निम्मी करा. षटकोनी चितीचे दोन षटकोन, म्हणजे १२ बाजू, सहा आयत, म्हणजे २४, एकूण ३६. निम्मे १८. निम्मे का? कारण प्रत्येक कड बरोबर दोन पृष्ठांच्या वाट्याला येते. एकाच्याही नाही, तिघांच्याही नाही. बंद वस्तूची यापेक्षा नेमकी व्याख्या मला माहीत नाही.

दिवाळीच्या दिवसांत या गणिताचा सर्वांत सुंदर नमुना घराघरांच्या गॅलरीत टांगलेला असतो. वाकडच्या रस्त्यांवर आता घडीचे, प्लास्टिकचे, कापडी कंदील मिळतात, तरी कामट्यांचा कंदील घरी बांधणारी घरं अजून आहेत. त्याची एक जुनी रीत अशी: सारख्या लांबीच्या कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे. चार चौकोन कोपऱ्यावर उभे करून, कोपऱ्याला कोपरा लावून, त्यांचं कडं करायचं. या चौघांचे वरचे चार कोपरे एका आडव्या चौकोनाला बांधायचे, खालचे चार दुसऱ्या आडव्या चौकोनाला. संपलं. चौकोन बांधले सहाच, पण त्यांच्या मधोमध आठ त्रिकोण आपोआप उभे राहतात. एकही कामटी त्रिकोणासाठी वेगळी लागत नाही, कारण प्रत्येक कामटीच्या एका अंगाला चौकोन आहे आणि दुसऱ्या अंगाला त्रिकोण. कामट्या २४, बांधलेले कोपरे १२, पृष्ठे १४. बारा आणि चौदा सव्वीस. चोवीस आणि दोन सव्वीस.

पाप्पस नावाच्या ग्रीक गणितीनं जे तेरा ठोकळे आर्किमिडीजच्या नावावर नोंदवले, त्यांतला हा एक. केप्लरनं १६१९ साली त्या तेरांची पुन्हा शिस्तीत मांडणी केली. आपल्याकडे तो दिवाळीत खळ लावलेल्या पतंगी कागदाखाली असतो.

हा सांगाडा बांधून झाल्यावर, कागद लावायच्या आधी, जमिनीवर ठेवून वरून तळहातानं हलकेच दाबून बघा. दोरे फार आवळलेले नसतील तर तो पीळ घेत खाली बसू लागतो. चौकोन तिरपे होतात, त्रिकोण मात्र जसेच्या तसे राहतात. बांधणाऱ्याला वाटतं गाठी सैल राहिल्या. गाठींचा दोष नाही, हिशेबच कमी पडलेला आहे. तो हिशेब जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं १८६४ साली मांडला. मोकळ्या अवकाशात प्रत्येक कोपऱ्याला तीन दिशांनी हलता येतं; बारा कोपऱ्यांच्या हालचाली ३६. अख्खा कंदील इकडून तिकडे नेणं आणि फिरवणं यांत सहा जातात. उरल्या ३०. प्रत्येक कामटी एक हालचाल रोखते. म्हणजे सांगाडा ताठ उभा राहायला ३० कामट्या हव्यात आणि आपल्याकडे आहेत २४. सहा कमी.

आणि चौकोनही सहाच! हा योगायोग नाही. प्रत्येक चौकोनात एक तिरपी काडी घातली की तो दोन त्रिकोणांत मोडतो आणि त्याचं डोलणं थांबतं. ऑयलरचं सूत्र घेऊन थोडी आकडेमोड केली, तर कुठल्याही बहिर्वक्र ठोकळ्याला मॅक्सवेलच्या हिशेबानं जितक्या काड्या कमी पडतात, तितक्याच तिरप्या काड्या त्याची सगळी पृष्ठे त्रिकोणांत मोडायला लागतात, हे निघतं. मोजणीचं एक साधं सूत्र आणि इमारतीचा ताठपणा एकमेकांशी असे बांधलेले आहेत. ज्या मुलानं सूत्र फक्त तक्त्यात पाहिलं, त्याला हे कधी कळतच नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

घरी मात्र आपण तिरप्या काड्या घालत नाही. आपण कागद चिकटवतो. खळ वाळली की कागद ताणला जातो आणि तोच प्रत्येक चौकोनाची तिरपी काडी होतो. ताठ पृष्ठांचा बहिर्वक्र ठोकळा कडांवर कितीही मोकळा वळत असला तरी अख्खा हलू शकत नाही, हे कोशीनं १८१३ साली सिद्ध केलं. वरचा आणि खालचा चौकोन दिव्यासाठी आणि हवेसाठी उघडे ठेवतो, तिथं कागद नसतो. त्या दोन चौकोनांचं डोलणं शिल्लकच राहतं. वर टांगायची दोरी बांधायला आडवी-तिरपी काडी घालतात ती म्हणून दुहेरी कामाची. आता पृष्ठे पुन्हा मोजा: दोन उघडी सोडली तर १२. बारा शिरोबिंदू, चोवीस कडा, बारा पृष्ठे. शिरोबिंदूंतून कडा वजा केल्या आणि पृष्ठे मिळवली, तर एरवी २ यायचे तिथं शून्य आलं. हे शून्य लक्षात ठेवा, नटाकडे परत जाताना ते लागणार आहे.

इतकं सोपं सूत्र माणसाला इतक्या उशिरा का सापडलं? युक्लिडनं त्याच्या तेराव्या ग्रंथात पाच सुसम ठोकळे रचले, त्यांच्या कडेचं गोलाच्या व्यासाशी नातं काढलं. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे ११५० साली, चितिव्यवहार नावाचं प्रकरण आहे, विटांच्या राशीचं घनफळ, विटांची संख्या, थरांची संख्या त्यात काढतात. त्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे. ही सगळी परंपरा मोजमापाची: लांबी किती, घनफळ किती, विटा किती. ठोकळ्याची लांबी-रुंदी पूर्ण विसरून, तो नुसता कसा जोडलेला आहे एवढंच बघायचं, ही नजर वेगळी. ती नजर यायला १७५० साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी १४ नोव्हेंबरला बर्लिनहून लेओनार्ड ऑयलरनं ख्रिस्तियन गोल्डबाखला पत्र लिहिलं आणि त्यात हे सूत्र सांगितलं. ऑयलर तेव्हा ४३ वर्षांचा होता. सूत्र सापडलं होतं, सिद्धता हाती नव्हती, आणि तसं त्यानं मोकळेपणानं लिहिलं. पृष्ठे आणि कोपरे लोक आधीपासून मोजत होते. ऑयलरनं त्यांच्या जोडीला कडा मोजणीत आणल्या. त्याच्या शतकभर आधी देकार्तनं ठोकळ्यांच्या कोपऱ्यांचा अभ्यास केला होता, आणि या सूत्राच्या अगदी उंबरठ्यापर्यंत तो पोचला होता. त्याच्या मृत्यूनंतर त्याची कागदपत्रं स्टॉकहोमहून पॅरिसला आणताना नाव सेन नदीत बुडाली. कागद काढून वाळवले गेले. लायब्निझनं १६७६ साली त्यातल्या या टिपणाची नक्कल केली, आणि ती नक्कल सापडली १८६० साली. कोपऱ्यांचे कोन देकार्तच्या हातात होते. कडांना त्यानं वेगळी मोजणी दिली नव्हती.

कड मोजायला लागलं की काय हाती येतं याचा एक नमुना देतो. सात कडांचा ठोकळा करता येतो का? सहा कडांचा येतो, त्रिकोणी सूची. आठ कडांचा येतो, चौकोनी सूची. नऊचा येतो, त्रिकोणी चिती. सातचा? प्रत्येक पृष्ठाला निदान तीन बाजू लागतात, आणि सात कडांच्या मिळून बाजू १४. म्हणून पृष्ठे फार तर ४. प्रत्येक कोपऱ्यात निदान तीन कडा येतात, म्हणून कोपरेही फार तर ४. दोन्ही मिळून फार तर ८. पण सूत्राला हवेत सात अधिक दोन, म्हणजे ९. सात कडांचा ठोकळा जगात कुठंही नाही आणि कधी होणारही नाही. चार ओळींत इतकं ठाम विधान करता येणं, हे मला आजही अचंब्याचं वाटतं.

हे हातानं करून बघायचं साधन या पट्ट्याशी नातं असलेल्या एका माणसानं देशभर पोचवलं. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरमधून इंजिनियर होऊन पुण्यात टेल्कोत रुजू झाले. ट्रक बनवणारी ती कंपनी, आजची टाटा मोटर्स. १९७८ साली ते तिथून रजा घेऊन मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामाला गेले, आणि तिथं काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांची जोडणी त्यांना गवसली. नळीचे छोटे तुकडे म्हणजे सांधे, काड्या म्हणजे कडा. काही पैशांचा हा संच. पुढे ते पुण्यात आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षं होते. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या संचाची खुबी अशी की तो मुलाला कडेपासून सुरुवात करायला लावतो. पुठ्ठ्याची घडी घातली तर आधी पृष्ठ दिसतं. काडीनं बांधलं तर आधी कड हातात येते. चौकोन बांधला की तो डोलतो, त्रिकोण बांधला की तो ताठ राहतो, हे बोटांना कळतं. दोन त्रिकोण तीन काड्यांनी जोडले की चिती झाली. घन बांधायला बारा काड्या लागतात, तो उभा करताच लवंडतो. वीस त्रिकोणांचा ठोकळा करायला तीस काड्या आणि पाच-पाच तोंडांचे बारा सांधे लागतात, आणि तो जमिनीवर टाकला तरी मोडत नाही. कारण बारा कोपऱ्यांना मॅक्सवेलच्या हिशेबानं ३० काड्या हव्यात आणि आहेतही बरोबर ३०. कंदिलाचेही कोपरे बाराच होते. सहा काड्यांचा फरक हाताला वजनात जाणवत नाही, ताठपणात लगेच जाणवतो.

पडद्यावर ठोकळा उभा करायची वेळ आली, तेव्हा संगणकाच्या लोकांनाही कडेपासूनच सुरुवात करावी लागली. १९७० च्या दशकात केंब्रिजमध्ये इयन ब्रेड आणि स्टॅनफर्डमध्ये ब्रूस बॉमगार्ट या प्रश्नाशी झटत होते: घन वस्तू यंत्राच्या स्मृतीत लिहून कशी ठेवायची? बॉमगार्टनं काढलेल्या पद्धतीत सगळी नोंद कडेभोवती बांधलेली आहे. प्रत्येक कडेच्या खात्यावर तिची दोन टोकं, तिच्या दोन अंगांची दोन पृष्ठे आणि शेजारच्या चार कडा. एका कडेवरून शेजारच्या कडेवर जात जात अख्खी वस्तू फिरता येते. आज हिंजवडीत ज्या प्रकारच्या सॉफ्टवेअरवर काम चालतं, त्यांच्या पोटात याच वंशातल्या नोंदी आहेत.

त्या वस्तूत बदल करायचे तेही ऑयलरच्या सूत्राला धरून. डिझाइन करणारी मुलगी माउसनं एका कडेवर क्लिक करून चॅम्फर देते, तेव्हा आत काय होतं? ती कड गेली, तिच्या जागी एक अरुंद आयत आला. पृष्ठे १ नं वाढली. दोन कोपऱ्यांचे चार झाले, शिरोबिंदू २ नं वाढले. एका कडेच्या जागी चार कडा आल्या, म्हणजे ३ वाढल्या. दोन अधिक एक तीन, हिशेब चोख. कोपरा छाटला तरी हेच: एक पृष्ठ, दोन शिरोबिंदू, तीन कडा जास्त. प्रत्येक पायरीला बेरीज सांभाळली जाते, म्हणून शंभर बदलांनंतरही वस्तू फाटत नाही. शॉप फ्लोअरवर डीबरिंग करणारा माणूस कानशीनं कड मारतो, तेव्हा तोही तेच करत असतो.

आता उलट उदाहरण. थ्रीडी प्रिंटिंगसाठी जी एसटीएल फाइल वापरतात, तिच्यात कडांची नोंदच नसते. ती नुसती सुट्या त्रिकोणांची रास: प्रत्येक त्रिकोणाचे तीन कोपरे कुठं आहेत आणि त्याचं तोंड कुठल्या दिशेला, बस. कोणता त्रिकोण कुणाचा शेजारी, हे प्रिंटरच्या सॉफ्टवेअरला स्वतः जुळवून काढावं लागतं, आणि तिथं घोटाळे होतात. एखादी कड एकाच त्रिकोणाच्या वाट्याला आली, तर वस्तूला फट आहे. तिघांच्या वाट्याला आली, तर अशी वस्तू घडूच शकत नाही. इथं तो निम्मे करण्याचा नियम कामाला येतो. त्रिकोणांच्या संख्येची तिप्पट म्हणजे कडांची दुप्पट. म्हणून बंद वस्तूतल्या त्रिकोणांची संख्या सम असलीच पाहिजे. फाइलमधले त्रिकोण विषम निघाले तर ती उघडून बघायचीही गरज नाही, काहीतरी फाटलेलं आहे. सम असले म्हणजे सगळं ठीक असं मात्र नाही.

आता नट. मोजायला सोपं जावं म्हणून गोल भोकाऐवजी षटकोनी भोक पाडू. बाहेरचे शिरोबिंदू १२, आतले १२, एकूण २४. बाहेरच्या कडा १८, आतल्या १८, एकूण ३६. पृष्ठे: बाहेरचे सहा आयत, आतले सहा, वरचं एक, खालचं एक, एकूण १४. चोवीस वजा छत्तीस अधिक चौदा: २.

दोनच आले! सूत्र तर जुळलं. मग मी सुरुवातीला नट सूत्राबाहेर पडतो असं का म्हटलं?

कारण हे दोन खोटे आहेत. वरचं पृष्ठ बघा. तो षटकोन राहिलेला नाही. मध्ये भोक असलेली षटकोनी चकती आहे. ऑयलरच्या सूत्रात पृष्ठ म्हणजे अखंड तुकडा, ज्याची सीमा एकाच फेरीत पुरी होते. इथं प्रत्येक चकतीला दोन सीमा आहेत, एक बाहेरची आणि एक आतली. ती दुरुस्त करायला आतल्या प्रत्येक कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारू. वर सहा रेघा, खाली सहा. कडा झाल्या ४८. दोन चकत्यांचे बारा तुकडे झाले. पृष्ठे झाली २४. शिरोबिंदू २४ च. चोवीस वजा अठ्ठेचाळीस अधिक चोवीस: शून्य. वर-खाली उघड्या ठेवलेल्या कंदिलाची बेरीज शून्य होती, ती याच कारणानं: दोघांमधून पलीकडचं दिसतं.

नीट न मोजता बरोबर उत्तर येणं, ही मोजणाऱ्यावर आलेली सर्वांत मोठी आफत. नटाच्या बाबतीत दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात: आरपार भोकानं बेरीज दोननं उतरते, आणि दोन कड्याच्या आकाराची पृष्ठे ती दोननं चढवतात. सिमों ल्यूलिए या स्विस गणितीनं १८१२-१३ च्या सुमाराला हे सगळे अपवाद वेगळे काढले. आत पोकळी असलेली वस्तू, कड्यासारखं पृष्ठ असलेली वस्तू आणि आरपार बोगदा असलेली वस्तू. आज सॉफ्टवेअर वापरतं तो हिशेब त्या तिन्हींना सामावून घेतो: शिरोबिंदूंतून कडा वजा करा, पृष्ठे मिळवा, पृष्ठांमधल्या आतल्या सीमा वजा करा, उत्तर येतं, कवचांच्या संख्येतून आरपार भोकांची संख्या वजा करून त्याची दुप्पट. नटाला कवच एक, भोक एक: शून्य. मध्ये एक बोअर आणि भोवती चार बोल्टची भोकं असलेल्या फ्लँजला कवच एक, भोकं पाच: उणे आठ. पलीकडे न निघणारं, पोटात थांबणारं भोक, ज्याला शॉपमध्ये ब्लाइंड होल म्हणतात, ते या हिशेबात भोक धरतच नाहीत. त्यानं बेरीज हलत नाही.

पोकळीचा अपवाद समजावणारी वस्तू १८३२ साली हेसेल या जर्मन खनिजशास्त्रज्ञाच्या समोर आली: फ्लुओराइटचा पारदर्शक स्फटिक, आणि त्याच्या पोटात गॅलेनाचा, म्हणजे शिशाच्या सल्फाइडचा घन. बाहेरच्या कवचाचे दोन, आतल्या कवचाचे दोन, बेरीज ४. आपल्या फाउंड्रीत ओतीव कामात हाच प्रकार ब्लो होल म्हणून येतो. ओतताना अडकलेली हवा कास्टिंगच्या पोटात पोकळी ठेवून जाते. बाहेरून सगळी पृष्ठे, सगळ्या कडा बरोबर. दुसरं कवच आत दडलेलं. ते बाहेरून मोजता येत नाही, त्याला क्ष-किरणांसारखी आत बघणारी तपासणी लागते.

स्फटिकांचा विषय निघाला तर पुण्याला दूर जावं लागत नाही. दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि त्या लाव्हात अडकलेल्या वायूंच्या पोकळ्यांत पुढे खनिजांचे स्फटिक वाढले. वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हन्साइट आणि पाषाणच्या टेकडीतला हिरवा अपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. अपोफिलाइटचा स्फटिक अनेकदा घनासारखा दिसतो, फक्त त्याचे आठही कोपरे त्रिकोणात छाटलेले. छाट लहान असेल तर शिरोबिंदू २४, कडा ३६, पृष्ठे १४. छाट वाढत वाढत कडेच्या मध्यापर्यंत आली, की मूळच्या बारा कडा संपतात, शेजारच्या छाटी एकमेकींना टेकतात आणि उरतात १२ शिरोबिंदू, २४ कडा, १४ पृष्ठे. लांबी-रुंदी वेगळी, कोन वेगळे. गणती मात्र कामट्यांच्या कंदिलाची.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा पाठ शिकवताना निदान पिंपरी-चिंचवडच्या शाळांनी भरीव ठोकळ्यावर थांबू नये. इथल्या मुलांच्या घरी १२-१३ चा पाना असतो, त्या पान्यात बसणारा १३ मिलिमीटरचा एम ८ नट असतो. तो बाकावर ठेवावा, मुलांना मोजू द्यावं, ते खोटे दोन येऊ द्यावेत, आणि मग विचारावं की भोकाचा हिशेब कुठं गेला. आठवीच्या मुलाला हे झेपतं. झेपलं की पुढचा प्रश्न द्यावा, आणि तो प्रश्न हायड्रॉलिक्सचे मॅनिफोल्ड ब्लॉक करणाऱ्यांच्या रोजच्या कामातला आहे.

अॅल्युमिनियमचा एक चौकोनी ठोकळा घ्या. डावीकडून उजवीकडे एक आरपार भोक पाडा, समोरून मागे दुसरं. भोकं किती? पहिल्याच दमात सगळे दोन म्हणतात. दोन्ही भोकं वेगवेगळ्या उंचीवर असतील, एकमेकांना न भेटता निघून जात असतील, तर दोन बरोबर. पण ती ठोकळ्याच्या पोटात एकमेकांना छेदत असतील, तेल एकातून दुसऱ्यात जाऊ शकत असेल, तर हिशेबानं भोकं तीन होतात. नियम असा: आत एकमेकांना जोडलेल्या वाटांचं एक जाळं धरा, त्या जाळ्याला पृष्ठावर जितकी तोंडं, त्याहून एकानं कमी भोकं, जर जाळ्यात फिरून परत येणारी वाट नसेल तर. छेदणाऱ्या दोन ड्रिलचं जाळं एक, तोंडं चार, भोकं तीन. न भेटणाऱ्या ड्रिलची जाळी दोन, प्रत्येकाला तोंडं दोन, भोकं एक अधिक एक. वेगवेगळ्या बाजूंनी पाडलेले दोन ब्लाइंड होल पोटात भेटले, तर दोन्ही अर्धवट असूनही मिळून एक आरपार भोक होतं. आणि एका तोंडाला प्लग ठोकला की एक भोक कमी. छेदणाऱ्या ड्रिलच्या ब्लॉकची बेरीज उणे चार, न भेटणाऱ्याची उणे दोन. आतली एकमेकांना कापणारी कड मोजल्याशिवाय हा फरक कळत नाही, आणि ब्लॉकची तपासणी करणारा नेमका त्याच कडेवरचा बर, म्हणजे राहिलेली धातूची किनार, शोधत असतो, कारण तेलाबरोबर सुटून व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकणारा कण तिथूनच निघतो.